इंजिनाचा आवाज लावताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘आवाज लावणे’ हा आपल्याकडे गवयांचा शब्द. कोल्हापूरसारख्या गावात तो सांगायला नको. देवल क्लबचे हे गाव, उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या वास्तव्याने पावन झालेले गाव. इथल्या माणसाला आधी तंबोरा लावतात आणि मग गातात हे लहानपणापासून ठाऊक असते. आज मात्र मी एका वेगळ्याच वस्तूचा आवाज कसा लावतात ते सांगणार आहे. ही वस्तू म्हणजे वीतभर लांबीचे वाफेच्या इंजिनाचे मॉडेल. त्यात वाफ नसते, कोळसा नसतो. पोटात एक छोटी विजेची मोटर, दोन पेरांएवढी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि रुपयाच्या नाण्याएवढा एखादा स्पीकर असतो. त्या पट्टीला डिकोडर म्हणतात. इंजिन रुळावर ठेवून बटण दाबले की शिट्टी वाजते, फुसफुस सुरू होते आणि डोळे मिटले तर घटकाभर आपण जुन्या फलाटावर उभे आहोत असे वाटते.

आता यात इतिहास कुठे आला, असे कुणी विचारील. हा आवाज कारखान्यातून येतो तसाच ठेवायचा की आपल्या इंजिनासारखा करून घ्यायचा, हा प्रश्न पडला की माणसाला इतिहासात शिरावेच लागते. इंजिन कुठले, चाक केवढे, ब्रेक कसला, शिट्टी कधी वाजवायची, हे सारे माहीत झाल्याखेरीज आकडे भरता येत नाहीत. म्हणून आधी आपल्या भागात हा आवाज आला कसा, ते पाहू.

भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. कोल्हापूरला रेल्वे यायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. संस्थानने मिरजेपर्यंत स्वतःची लाईन टाकायचे ठरवले. १८८८ साली कामाचा शुभारंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला. महाराज तेव्हा अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते, राज्यकारभाराची सूत्रे हाती यायला अजून सहा वर्षे होती. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. सुमारे २९ मैलांची, म्हणजे ४७ किलोमीटरची ही लाईन मीटरगेज होती. मालकी संस्थानची, पण गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे. हातकणंगले, रुकडी, वळिवडे या गावांच्या शिवारातून पहिल्यांदा इंजिन गेले, तेव्हा त्या गावांनी तोवर ऐकलेला सर्वांत मोठा आवाज ढगांच्या गडगडाटाचा नाहीतर तोफेचा असेल.

पुढे याच लाईनने कोल्हापूरचा गूळ बाहेर गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सैबेरियाच्या थंडीतून सुटून आलेल्या त्या बायकामुलांच्या वस्तीजवळून जाणारी गाडी हीच. आता तिथे गांधीनगरची बाजारपेठ आहे. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ऐंशी वर्षे इथे धावलेल्या मीटरगेजचा आवाज या टप्प्यावरून कायमचा गेला.

मिरजेत मात्र तो आणखी बरीच वर्षे राहिला. रेल्वेचा छंद असलेल्यांच्या लेखी मिरज हे तीर्थक्षेत्रच. बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज तिथे होती. पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी अडीच फुटी नॅरोगेज होती. आणि १९७१ नंतर ब्रॉडगेजही आली. तिन्ही रुंदीचे रूळ एका स्टेशनात. नॅरोगेज म्हणजे आपली बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू केली. आता या बार्शी रोडला आपण कुर्डुवाडी म्हणतो. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे कॅलथ्रॉपचे सूत्र होते. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना आठ लहान जोडचाके आणि मागे आणखी चार चाके होती. भार वाटला गेला आणि हलक्या रुळांवरूनही वारीची गर्दी वाहता आली. १९९० च्या दशकात मिरज-लोंढा मार्ग रुंद झाला. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत नॅरोगेजही गेली. तीन गेजचे मिरज आता फोटोंत आणि लोकांच्या आठवणींत उरले आहे.

फोटोत दिसणारे सगळे मॉडेलवाल्याला मिळते. घुमटी, पाण्याचा नळ, सिग्नल, डब्यांचा रंग. फोटोत न मिळणारी एकच गोष्ट म्हणजे आवाज.

वाफेचे इंजिन आवाज का करते, हे थोडे समजून घेऊ. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या ढकलते आणि काम झाले की बाहेर पडते. ती थेट हवेत न सोडता धुरांड्यातून वर फेकली जाते. तिच्या झोताबरोबर भट्टीतला धूर ओढला जातो, कोळशाला ताजी हवा मिळते आणि जाळ वाढतो. म्हणजे इंजिन जितके कष्ट करील तितका जाळ आपोआप फुलतो. आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो या वाफेचा एकेक उच्छ्वास. दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जातो, म्हणून मोठे चाक एकदा फिरले की चार फुत्कार निघतात. बोलताना आपण ‘झुकझुक’ असे दोनच म्हणतो, पण ताल चौपदरी असतो. तीन सिलिंडरचे इंजिन असेल तर एका फेऱ्यात सहा.

आता मीटरगेजवरचे वायपी इंजिन घ्या. स्वातंत्र्यानंतर एक्स्प्रेस आणि पॅसेंजर गाड्यांसाठी आलेले हे इंजिन. १९४९ साली पहिली वीस इंजिने अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. पुढची काही ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशने आणि म्युनिकच्या क्राउस-माफाईने बांधली, आणि नंतर शेकड्यांनी जमशेदपूरच्या टेल्कोने. त्याचे मोठे चाक साडेचार फूट व्यासाचे. गणित केले तर ते एका किलोमीटरमध्ये सुमारे २३२ वेळा फिरते. दर फेऱ्याला चार, म्हणजे किलोमीटरला ९२८ फुत्कार. मिरज ते कोल्हापूर एवढ्या अंतरात त्रेचाळीस हजारांहून अधिक. मालगाडीच्या वायजी इंजिनाचे चाक चार फुटी. तेवढ्याच वेगाला त्याचे फुत्कार जास्त जवळजवळ पडतात. जाणकार ड्रायव्हर, फायरमन किंवा रुळाशेजारी राहणारा माणूस न बघता सांगायचा की मालगाडी येतेय की पॅसेंजर. त्यात जादू काही नव्हती. त्याचा कान चाकाचा व्यास मोजत होता.

शिवाय सारे फुत्कार सारखे नसतात. गाडी सुटताना सिलिंडरमध्ये वाफ जवळजवळ पूर्ण धावभर सोडतात. बाहेर पडताना तिच्यात अजून जोर असतो, म्हणून आवाज दणदणीत आणि सुटा. गाडीने वेग घेतला की ड्रायव्हर वाफेचा पुरवठा आखडता घेतो. थोडी वाफ आत घ्यायची आणि तिला फुगू द्यायचे. कोळसा वाचतो आणि आवाज मऊ होतो. उतारावर रेग्युलेटर बंद केला की फुत्कार थांबतात. उरते फक्त दांड्यांची खडखड आणि चाकांचा घर्रर्र आवाज. म्हणजे या आवाजात चढ-उतार, डब्यांचा भार आणि ड्रायव्हरचे कसब, सगळे ऐकू यायचे.

हे सारे वीतभर इंजिनात आणायची खटपट जगभर बरीच वर्षे चालली आहे. खेळातल्या आगगाड्यांना पूर्वी रुळांतूनच कमी-जास्त वीज देत. वीज वाढवली की गाडी पळे, कमी केली की मंदावे. एका रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही एकदम पळत. वेगवेगळी इंजिने वेगवेगळी चालवता यावीत म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने एक पद्धत काढली. १९७९ साली इंग्लंडच्या हॉर्नबीने ‘झिरो वन’ आणली. १९८० च्या दशकात जर्मनीत मेर्क्लिनची डिजिटल पद्धत आली. पुढे जर्मनीतल्याच लेन्झ कंपनीच्या पद्धतीचा आधार घेऊन अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकाच्या मध्याला एक सामाईक मानक ठरवले. एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागला. त्याच सुमारास आवाज काढणारे डिकोडरही बाजारात आले.

याची रीत मोठी सुबक आहे. रुळांत कायम चौदा-पंधरा व्होल्टची वीज असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते. एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो ‘एक’, शंभर किंवा जास्त टिकली तर ‘शून्य’. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. या एक-शून्यांच्या ओळीतून निरोप जातो की अमुक नंबरच्या इंजिनाने इतक्या वेगाने जावे, दिवा लावावा, शिट्टी वाजवावी. रुळांवरची सगळी इंजिने तो निरोप ऐकतात, पण ज्याचा नंबर असेल तेच हलते. पोस्टमनने चौकात उभे राहून सर्वांच्या नावची पत्रे मोठ्याने वाचावीत आणि ज्याचे असेल त्याने घ्यावे, तसेच.

डिकोडरमध्ये कितीतरी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला क्रमांक, आणि प्रत्येकात शून्य ते २५५ पर्यंतचा एक आकडा. या कप्प्यांना सीव्ही म्हणतात. पहिल्या कप्प्यात इंजिनाचा पत्ता असतो. नवीन डिकोडरचा पत्ता कारखान्यातून तीन असा येतो. तिसऱ्या कप्प्यात गाडीने वेग किती सावकाश घ्यावा ते, चौथ्यात किती सावकाश थांबावे ते. आवाजाचे कप्पे कंपनीनुसार बदलतात. जर्मनीच्या लोकसाऊंड डिकोडरांत एकूण आवाज ६३ व्या कप्प्यात असतो. शिट्टी, फुत्कार, फावडे, इंजेक्टर यांचे स्वतंत्र कप्पे असतात. फारच घोळ झाला तर बहुतेक डिकोडरांत आठव्या कप्प्यात आठ हा आकडा लिहिला की सगळे पुन्हा कारखान्यातल्यासारखे होते. ही सोय नवशिक्यांना फार उपयोगाची.

आता समजा, कोल्हापूरच्या एखाद्या घरात माळ्यावर दोन बाय सहा फुटांच्या प्लायवूडवर मीटरगेजचे मिरज उभे राहते आहे. प्रमाण एकास ८७. या प्रमाणात मीटरगेज रूळ साडेअकरा मिलिमीटर रुंद होतो. बाजारात मिळणारा बारा मिलिमीटरचा रूळ त्याला चालून जातो. बार्शी लाईटसाठी नऊ मिलिमीटरचा रूळ. इंजिनात आवाजाचा डिकोडर बसवला. बटण दाबले आणि घंटा वाजू लागली. टण् टण् टण् टण्.

इथेच इतिहासाचे पहिले काम सुरू होते. इंजिनावरची घंटा ही अमेरिकेची रीत. तिथे गाडी गावातून, रस्त्याच्या कडेने जाते, म्हणून इंजिनावर घंटा. आपल्याकडे घंटा इंजिनावर नसे, स्टेशनात असे. आणि तीसुद्धा बऱ्याच ठिकाणी रुळाचा एक तुकडा टांगून केलेली. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की पोर्टर त्यावर ठोके द्यायचा आणि फलाटावर एकच धांदल उडायची. तेव्हा घंटेच्या कप्प्यात शून्य लिहायचे. घंटा हवीच असेल तर तिचा स्पीकर स्टेशनच्या इमारतीत बसवावा.

पुढे गाडी थांबली की पोटातून ठक्-फुस्स, ठक्-फुस्स असा आवाज येतो. हा हवेच्या पंपाचा. अमेरिकन गाड्यांचे ब्रेक वेस्टिंगहाऊस पद्धतीचे, दाबलेल्या हवेचे. ती हवा दाबायला इंजिनावर वाफेचा पंप असतो आणि तो उभ्या इंजिनातही अधूनमधून ठोके घेतो. आपल्या वाफेच्या इंजिनांना व्हॅक्यूम ब्रेक होते. म्हणजे उलटा हिशेब. नळीतली हवा काढून घेतली की ब्रेक सुटायचे, हवा आत शिरली की लागायचे. हवा ओढून घेणारा इजेक्टर वाफेवर चालायचा आणि त्याचा एक अखंड सूंऽऽ असा आवाज असायचा. फलाटावर उभे असलेले आपले इंजिन ठोके देत नसे, सुस्कारत असे. ज्यांनी ते ऐकले आहे त्यांच्या चटकन लक्षात येईल. तेव्हा पंपाचा कप्पाही शून्य, आणि यादीत वाफेचा हलका झोत असेल तर तो वाढवायचा.

तिसरी गोष्ट शिट्टी. अमेरिकन शिट्टीत तीन, पाच, सहा स्वर एकदम वाजतात, हार्मोनियमच्या पट्ट्या एकदम दाबाव्यात तशा. इंग्रजी वळणाच्या इंजिनांची शिट्टी बहुधा एकसुरी आणि उंच असते. यादीतून तशी निवडायची. पण शिट्टीचा सूर जुळला तरी तिची भाषा राहतेच. अमेरिकेत फाटक जवळ आले की दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब अशी शिट्टी देतात. काही डिकोडरांत ही पूर्ण ओळ एकाच बटणावर बांधलेली असते. आपल्याकडे रुळाच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी दिसली की एक लांब शिट्टी. गाडी सुटताना ड्रायव्हर आणि गार्ड यांचे शिट्टीचे संकेतही ठरलेले. कोल्हापुरातल्या रुकडीच्या फाटकावर कोलोरॅडोची शिट्टी वाजली तर ती चूक आहे हे कळणारी माणसे अजून आहेत. आणखी वीस वर्षांनी असतील का, हा खरा प्रश्न.

मग फुत्कारांचा ताल. डिकोडर मोटरच्या वेगावरून अंदाजाने फुत्कार सोडतो. चाकाच्या एका फेऱ्याला चार पडावेत म्हणून एक-दोन आकडे पुनःपुन्हा बदलून पाहावे लागतात. चाकावर खडूची खूण करायची, इंजिन अगदी सावकाश सोडायचे आणि दहा फेऱ्यांत चाळीस फुत्कार येतात का ते मोजायचे. ज्याला अंदाज चालत नाही तो आसाशेजारी छोटा संवेदक बसवतो. तिसऱ्या कप्प्यातला आकडा वाढवला की आधी दमदार फुत्कार आणि मग हळूहळू चाल, असे खऱ्यासारखे होते. चांगले डिकोडर मोटरवरचा भारही ओळखतात. चढावर आवाज जड होतो, उतारावर हलका.

आवाज आणि हालचाल जुळवण्याची ही धडपड कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी इथे स्वदेशी कॅमेरा बनवला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली इथे प्रभात फिल्म कंपनी काढली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. शांतारामबापूंनी कोल्हापुरात केलेला हा मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे पडद्यावर बोलू-गाऊ लागले. ओठ हलणे आणि शब्द ऐकू येणे यांत तसूभर फरक पडला तरी प्रेक्षक हसतो, हे या गावातल्या तंत्रज्ञांनी तेव्हा शिकून घेतले होते. चाक आणि फुत्कार यांचे नाते ओठ आणि शब्दासारखेच आहे.

राहिला आवाजाचा पोत. चाक, डबा, माणूस, सगळे ८७ पटींनी लहान करता येते. आवाज तसा लहान होत नाही. नाण्याएवढ्या स्पीकरमधून खर्ज निघत नाही. नुसता स्पीकर बसवला तर त्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारून टाकतात आणि किरकिर तेवढी उरते. म्हणून स्पीकरमागे बंद डबी लागते. ही डबी बहुधा कोळशाच्या टेंडरमध्ये दडवतात. हे तत्त्व मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या कारागिरांना दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. मूळची हत्यारे पाजळणारी शिकलगार मंडळी वाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे आणून ते तंबोरे घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तार तीच, पण भोपळ्याची पोकळी नसेल तर ती नुसती टणत्कारते. आणि घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक धागा सरकवून जवारी काढताना कारागीर जे करतो, तेच आपण आकडे बदलताना करतो. सरकवायचे थोडे आणि ऐकायचे फार.

यात एक सूचना अनुभवाची. सगळे आवाज पूर्ण वर ठेवू नयेत. छोट्या स्पीकरला ते पेलत नाहीत आणि सगळेच फाटते. आधी एकूण आवाज निम्म्यावर आणावा, मग फुत्कार हा मुख्य धरून शिट्टी त्याच्या थोडी वर आणि फावडे, इंजेक्टर हे खाली ठेवावेत. खरे इंजिन आपण दहा पावलांवरून ऐकत होतो, मॉडेल हाताच्या अंतरावरून ऐकतो. वीतभर इंजिन खोलीभर गर्जू लागले तर ते खोटे वाटते, आणि घरातली माणसे दोन दिवसांत प्लायवूड माळ्यावर परत टाकायला लावतात.

असा हौशी इतिहास आपल्याकडे कुणी केलाच नाही असे मात्र नाही. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. कर्वे रस्त्याजवळच्या त्या संग्रहालयात सिग्नल, पूल, घाट आणि शहर यांच्यासह धावणाऱ्या गाड्या पाहायला मुले आणि त्यांचे आजोबा सारख्याच उत्साहाने जातात. परदेशात काही जणांनी आवाजाकडेही असेच लक्ष दिले. इंग्लंडमध्ये पीटर हँडफोर्ड हे चित्रपटांचे ध्वनिमुद्रक. १९५० च्या दशकात वाफेची इंजिने जाणार हे ओळखून ते रात्री-अपरात्री रुळाशेजारी मायक्रोफोन घेऊन बसले. त्यांच्या तबकड्या लोकांनी विकत घेऊन ऐकल्या. पुढे १९८५ च्या ‘आऊट ऑफ आफ्रिका’ चित्रपटाच्या ध्वनीसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांचे फोटो काढता काढता आवाजही टिपून ठेवले. आज तिथल्या डिकोडरांच्या यादीत अमुक वर्गाचे इंजिन म्हणून नेमका आवाज मिळतो, तो अशा जपणुकीच्या सवयीमुळे. तिथे कित्येक इंजिने चालू स्थितीत राखली आहेत आणि कंपन्या त्यांच्याजवळ जाऊन ध्वनिमुद्रण करतात.

आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ साली बाहेर पडले. ते मीटरगेजचे वायजी होते. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये थांबली. म्हणजे ज्याने वाफेच्या इंजिनावर विशीत फावडे मारले, तो फायरमन आज पन्नाशीच्या पलीकडे आहे, आणि मीटरगेजच्या कोल्हापूर गाडीवर काम केलेला माणूस पंच्याहत्तरीच्या पुढे. मिरजेच्या रेल्वे कॉलनीत, हुबळीत, कुर्डुवाडीत अशी माणसे आहेत. त्यांच्या कानात जे आहे ते कुठल्याच कप्प्यात नाही.

डिकोडरमधला आवाज उसना असतो हे खरे. पण वायपीचे नाते फिलाडेल्फिया, ग्लासगो आणि म्युनिक या तिन्ही ठिकाणी आहे. उसना आवाज घेऊनही ऐकणाऱ्याने घंटा काढली, पंप बंद केला, शिट्टी बदलली, ताल जुळवला तर तो बराच जवळ येतो. त्यासाठी शेवटी एकच परीक्षक लागतो. तुमच्या गल्लीत एखादे निवृत्त ड्रायव्हरकाका असतील, तर मॉडेल त्यांच्यापुढे ठेवा. वेगाचे बटण त्यांच्या हातात द्या. ते ऐकतील आणि सांगतील की सुटताना एवढा घाईचा आवाज नसतो, इंजेक्टर आधी खाकरतो आणि मग लागतो, कळंबा-रंकाळ्याकडून वारा असला की शिट्टी अमुक ठिकाणी ऐकू यायची. ते बोलत असताना मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करून घ्या. तोंडाने ते इंजिनाचा आवाज काढून दाखवतील, तोही घ्या. गाव, लाईन, इंजिनाचा वर्ग आणि साल यांची नोंद त्याबरोबर ठेवा.

शाहू मिलचा भोंगा कोल्हापूरकरांच्या दिवसाचे घड्याळ होता. तो कसा वाजायचा हे आज नातवाला सांगायचे झाले तर आजोबांना ओठांचा चंबू करावा लागतो. इमारती, ताम्रपट, दप्तरे सांभाळायला आपण शिकलो, आणखी शिकू. आवाज मात्र ऐकणाऱ्या माणसाबरोबर जातो. वीतभर इंजिनाचा आवाज लावायला बसलेला मुलगा शून्य ते २५५ मधला योग्य आकडा शोधत असतो. तो आकडा त्याला कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही. शेजारच्या काकांना विचारले तर सापडेल, आणि विचारायला अजून वेळ आहे.